निर्मलाताईंची लाल यादी

निर्मलाताई फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. पलीकडून आवाज आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “बोला, शिफ्ट संपली?” समोरचा ज्या भाषेतला असेल त्या भाषेत, गुजरातीत, हिंदीत, मराठीत, पण प्रश्न तोच. आणि तो नुसता विचारायचा म्हणून नसे. संपली नसेल तर, “मग आत्ता कशाला उभ्या उभ्या बोलता? सुटल्यावर करा. मी आहे,” असं म्हणून त्या फोन ठेवून देत.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी सहा वर्षं बसलो. या श्रावणात त्या गेल्या. सुरतेतल्या भेस्तानला त्यांच्या घरी तेरावाही होऊन गेल्यावर मला कळलं, तेही एका जुन्या विद्यार्थ्याकडून. त्यानं ऑफिसात फोन करून विचारलं, “मॅडमच्या घरचा पत्ता आहे का?” माझ्याकडे नव्हता. सहा वर्षं शेजारी बसून मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.

हे लिहायला उशीर झाला आहे. त्या होत्या तेव्हा लिहायला हवं होतं, म्हणजे त्यांना वाचता आलं असतं. पण त्या असत्या तर मी लिहिलं नसतं, हेही खरं.

आमचं खातं युनिव्हर्सिटीच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या दोन खोल्यांत. नोकरी करणाऱ्या इंजिनिअरांसाठी ऑनलाइन एम.टेक. तिथून चाले. प्राध्यापक शिकवत, आम्ही बाकीचं सगळं बघायचो. कुणाची फी भरलेली दिसत नाही, कुणाला गाइड मिळालेला नाही, कुणाचं नाव मार्कशीटवर उलटंसुलटं झालंय. विद्यार्थ्यानं पोर्टलवर काही विचारलं की त्याचं एक तिकीट तयार होई. उत्तर दिलं नाही तोवर ते यादीत लाल दिसे, दिलं की हिरवं. या सगळ्याच्या कोऑर्डिनेटर निर्मलाताई. मी त्यांचा सहायक. त्या खानदेशातल्या, शिरपूरकडच्या, मी परभणीकडचा. दोघांचेही वडील लूम चालवायला सुरतेत आलेले. तेवढ्या ओळखीवर त्यांनी पहिल्याच दिवशी मला भाऊ करून टाकलं. इतर सगळ्यांच्या त्या निर्मलाबेन होत्या. मी ताई म्हणायचो.

बुटक्या, सावळ्या. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, कारण बसस्टॉपपासून चालावं लागे. चहा बशीत ओतून, आवाज करत पीत. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. भाकरीचा पहिला तुकडा न विचारता माझ्या टेबलावर यायचा. रागावल्या की अहिराणीत जात. डायरेक्टरसाहेब खोलीत येऊन काही फर्मान सोडून गेले की दार बंद व्हायची वाट बघत आणि मग स्वतःशीच म्हणत, “काय व्हयनं आते ह्या माणूसले!” मला हसू आलं की त्याही हसत, पण कामाला हात लागलेला असे.

नव्या विद्यार्थ्याला त्या स्वतः फोन करत. डिग्री, टक्के, कंपनी हे फॉर्मवर असतंच. त्यांचे प्रश्न वेगळे. शिफ्ट कोणती? आठवड्यानं बदलते की पंधरवड्यानं? घरात कडी लागणारी खोली आहे का? घरात आणखी कुणाला मोबाइल वापरता येतो? ही उत्तरं त्या एका लांबट वहीत लिहून ठेवत, नावापुढे, पेन्सिलीनं. शिफ्ट बदलली की खोडून नवी. आमच्याकडे एवढं मोठं पोर्टल असताना ही वही कशाला, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “पोर्टलला माहीत आहे का, की धनबादचा यादव बुधवारी झोपलेला असतो?”

ह्या यादवाचीच एक गोष्ट आहे. परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस दिसलं की संगणक आपोआप शेरा मारी, ‘संशयास्पद’. यादवाच्या पेपरात तीनदा शेरा पडला. कॉपीचं प्रकरण म्हणून ते समितीपुढे गेलं. निर्मलाताईंना तिथं बोलायचा अधिकार नव्हता, पण त्या पाण्याच्या बाटल्या ठेवायला म्हणून आत गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. “साहेब, रेकॉर्डिंग कुणी बघितलंय का?” कुणीच बघितलं नव्हतं. लावलं. पहिल्यांदा एक बाई मागून येऊन कुकर बंद करून जाते. दुसऱ्यांदा रडणारं मूल उचलते. तिसऱ्यांदा ती भिंतीला पाठ लावून, तोंडावर पदर घेऊन, खेकड्यासारखी आडवी सरकत जाते. दिसू नये म्हणून.

“घर एका खोलीचं आहे,” ताई म्हणाल्या. “ती बाई परीक्षेत नाही शिरली, साहेब. परीक्षा तिच्या घरात शिरलीय.”

एक म्हातारे प्राध्यापक मोठ्यानं हसले आणि यादव सुटला.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखतची. एका सिमेंट कारखान्यातल्या मुलानं कळवलं की प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेलाच त्याची दुपारपाळी येते, साहेब बदलून देत नाही, तेव्हा तो शिक्षणच सोडतोय. ताईंनी कारखान्याच्या गेटवर फोन लावला, तिथून त्या साहेबापर्यंत पोचल्या आणि आवाज अर्ध्या पट्टीनं खाली आणून खणखणीत हिंदीत म्हणाल्या, “युनिव्हर्सिटी से बात कर रही हूँ. आपके यहाँ से एक नाम आया है.” बस, एवढंच. काय आलंय, कशासाठी आलंय, काही नाही. साहेब घाबरला. शिफ्ट बदलली. फोन ठेवल्यावर त्यांच्या कपाळावर घाम होता. “भाऊ, खोटं कुठे बोलले? नाव तर आलंच होतं ना?”

स्वतः त्यांनी बी.ए. बाहेरून केलेलं, साड्यांच्या घड्या घालायचं काम करता करता. फॉर्मची शेवटची तारीख कुणी सांगितली नाही म्हणून एक वर्ष गेलं. याबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही विचारलं म्हणून. “तारीख भिंतीवर लावली होती म्हणे. मी त्या भिंतीकडे कधी जाणार?”

आता मूळ गोष्टीकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

महिनाअखेरीस डायरेक्टरसाहेबांच्या पडद्यावर प्रत्येकाच्या यादीचे आकडे दिसत. “निर्मलाबेन, आ महिने बधुं झीरो जोईए,” ते म्हणायचे. सगळं शून्य पाहिजे. शून्य करणं अवघड नव्हतं. यादीच्या डोक्यावर एक चौकट होती, ‘सर्व निवडा’. ती टिचकवायची, तयार उत्तर घालायचं, ‘आपल्या विनंतीवर कार्यवाही झाली आहे’, आणि बंद. शेवटच्या दिवशी दुपारी सगळी खाती हे करत. याला ‘सफाई’ म्हणत. ज्याला खरंच गरज असेल तो पुन्हा लिहीलच, असा हिशेब. निर्मलाताईंनी सफाई कधी केली नाही. त्यांची यादी महिनाअखेरीलाही लालच. “लाल म्हणजे माणूस वाट बघतंय. न भेटता हिरवं कसं करू?” त्यासाठी दर महिन्याला बोलणी खात.

माझ्या तिथल्या सहाव्या वर्षी त्यांची आई गेली. ऑफिसात असतानाच फोन आला. त्यांनी पर्स उचलली, मग परत ठेवली आणि एका चिठ्ठीवर स्वतःचा पासवर्ड लिहून माझ्या हातात दिला. हे नियमात बसत नव्हतं, पण आमच्याकडे सगळेच देत.

“माझी माणसं सांभाळशील ना, भाऊ? फोन कर सगळ्यांना. नुसती उत्तरं नको टाकू.”

“हो ताई. तुम्ही निघा.”

त्या तेरा दिवस गावी होत्या. महिनाअखेर मध्येच आली. माझी कायम होण्याची फाइल त्याच आठवड्यात वर गेली होती. डायरेक्टरसाहेब दारातून वाकून म्हणाले, “गजाननभाई, आ वखते तमारा हाथमां छे.” या वेळी तुमच्या हातात आहे. दुपारी सव्वातीनला मी ताईंच्या पासवर्डनं त्यांची यादी उघडली, चौकट टिचकवली आणि सफाई केली. एकही वाचलं नाही. अख्खी यादी हिरवी झाली तेव्हा मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

ताई परत आल्या. चेहरा उतरलेला. खुर्चीत बसून त्यांनी पडदा बघितला आणि यादी वरून खालपर्यंत सरकवली.

“एवढ्या सगळ्यांना फोन केलेस?”

“हो ताई.”

त्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग आठवडाभर ज्याला त्याला सांगत होत्या, “माझ्या मागे गजूभाऊनं सगळ्यांना फोन केले. एकही सोडला नाही.” कँटीनमध्ये, लायब्ररीत, शिपायाला. मी खाली बघून चहा प्यायचो.

तीन आठवड्यांनी अनिताचा फोन आला. अनिता भरूचकडच्या एका रसायनाच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. दोन बाळंतपणं, तीन बदल्या सांभाळत तिनं सगळे पेपर काढले होते. राहिला होता फक्त शेवटचा प्रबंध. अभ्यासक्रम पुरा करायची कमाल मुदत संपत आली होती आणि त्यातच कारखान्यात शिडीवरून पडून तिचा पाय मोडला. मुदतवाढीचा अर्ज तिनं वेळेत केला होता, पोर्टलवर. आता तिचं लॉगिनच उघडत नव्हतं. ‘नोंदणी संपुष्टात.’ म्हणजे सगळे पेपर, सगळी वर्षं, काहीच नाही.

ताईंनी तिचा अर्ज शोधून काढला. हिरवा. खाली तयार उत्तर, तारीख, वेळ. सव्वातीन. त्या दिवशी त्या शिरपूरजवळच्या त्यांच्या गावी, सुतकात होत्या.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. “भाऊ, हे वाचलं होतंस?”

“वाचलं असेल. नीट आठवत नाही, ताई.”

“एक्स-रे जोडलाय.”

मी टेबलावरच्या पावत्या जुळवायला लागलो.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पडदा परत वळवून घेतला. त्या दिवशी भाकरीचा तुकडा आला. रोजच्यासारखाच आला. तो मी खाल्ला.

नियम असा होता. अर्जावर उत्तर गेलं म्हणजे निर्णय झाला, आणि झालेला निर्णय फिरत नसे. एकच वाट होती. ज्याच्या नावानं उत्तर गेलं त्यानं समितीपुढे कबूल करायचं की अर्ज न वाचताच बंद केला. मग निर्णयच झाला नाही असं धरून नोंदणी पुन्हा उघडता येई. कबूल करणाऱ्याचं काय व्हायचं ते समिती ठरवणार.

बैठकीच्या आदल्या दिवशी घरी जाताना ताई पायऱ्यांवर थांबल्या. “उद्या तू बोलशील का, भाऊ?”

“माझी फाइल वर आहे, ताई.”

“माहीत आहे.” पर्स खांद्यावर नीट घेत म्हणाल्या, “तुझ्या मोठीची यंदा बारावी ना?”

“हो.”

“बरं,” म्हणाल्या आणि बूट वाजवत बसस्टॉपकडे गेल्या.

समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझं. टेबलाच्या टोकाला मी कागद घेऊन बसलो होतो. ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “अर्ज मी वाचला नाही. न वाचता बंद केला.”

डायरेक्टरसाहेबांनी विचारलं, “पण तमे तो रजा पर हता ने?” तुम्ही तर रजेवर होता ना?

“होते. गावाकडून मोबाइलवर केलं. घरात पाहुणे होते. यादी शून्य करायची म्हणून सगळं एकदम केलं.”

ज्या बाईनं आयुष्यात एकदाही सफाई केली नाही ती हे बोलत होती, आणि ते सगळ्यांना खरं वाटलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. नुसतं, एखाद्याला दारातून आत यायला जागा करून द्यावी तसं. मला वाटतं तीन-चार सेकंद असतील. मी मान खाली घातली आणि लिहिलं, ‘श्रीमती निर्मला यांनी चूक मान्य केली.’ ते अक्षर माझं आहे. त्या फाइलीत अजून असेल.

अनिताला पंधरा दिवस मिळाले. तेवढ्यात नवा फॉर्म आणि दवाखान्याचा कागद द्यायचा, की नोंदणी चालू. ताईंचा करार त्या महिन्यापुढे वाढवला नाही, आणि विद्यार्थ्यांशी परस्पर संपर्क ठेवू नये असं त्यांना लेखी दिलं. त्यांची खुर्ची मला मिळाली. पुढच्याच महिन्यात मी कायम झालो.

जाताना त्यांनी ती लांबट वही माझ्यापुढे ठेवली आणि अनिताच्या नावावर बोट ठेवलं. “हिला आधी फोन कर. मेल नको. ती माहेरी पडून आहे, डोंगरात, तिथं नेट नसतं. हा भावाचा नंबर. संध्याकाळी सहानंतर तो घरी असतो.”

“करतो, ताई.”

दोन दिवसांनी त्यांनी घरून विचारलं, “केलास?” मी म्हणालो, “केला. सांगितलं सगळं. खूश होती.”

मी फोन केला नव्हता. रिसीव्हर उचलला होता, तीन-चारदा. पण ती पहिला प्रश्न काय विचारणार ते मला माहीत होतं. निर्मलामॅडम कुठे आहेत? त्याचं उत्तर माझ्या तोंडून द्यावं लागलं असतं, आणि ऐकणारी ती. मी मेल पाठवला. नियमाप्रमाणे, जावक क्रमांक घालून. रोज सकाळी बघायचो, उघडलेला नसायचा. रोज ठरवायचो, उद्या फोन करतो. सोळाव्या दिवशी ते तिकीट आपोआप हिरवं झालं.

पुढं दीड महिन्यानं अनिताचं एका ओळीचं पत्र आलं. “निर्मलामॅडमशी बोलायचं होतं.” मी उत्तर टाकलं, की त्या आता येथे कार्यरत नाहीत आणि आपली मुदत संपलेली आहे. त्यावर तिचं काही आलं नाही. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मी काही केलं असतं का? नसतं केलं बहुतेक.

पहिली चूक घाईची होती, सगळे करत होते तीच. ती मी स्वतःला कधीतरी माफ केली असती. दुसरी मी रोज सकाळी, शुद्धीत, पंधरा दिवस करत होतो. एका बाईनं आपली नोकरी देऊन दुसरीसाठी दार उघडलं, आणि मी नुसता एक फोन टाळण्यासाठी ते लागू दिलं. गेल्या महिन्यात हे सगळं रजिस्ट्रारकडे लेखी दिलं. आता नियमात काही बसत नाही, असं उत्तर आलं. माझ्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. अनितालाही फोन केला, वहीतल्याच नंबरवर. भावानं घेतला. “आमच्या ताईनं ते शिक्षण कधीच सोडलं,” म्हणाला. “कोण बोलतंय?” मी नाव सांगितलं. त्याला ते ओळखीचं नव्हतं.

ताईंना मी शेवटचं बघितलं ते दोन वर्षांपूर्वी, सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात, भर दुपारी. साड्यांच्या गाठोड्यांनी भरलेले टेम्पो रस्ता अडवून उभे होते आणि त्यांच्यामधून वाट काढत त्या शेअररिक्षाकडे येत होत्या. खूप वाळल्या होत्या. एका कापडदुकानात फोनवर ऑर्डरी घ्यायचं काम करत होत्या म्हणे. मी दुसरीकडे वळणार होतो, पण त्यांनी रस्त्यापलीकडूनच हाक मारली, “गजूभाऊ!”

माझ्या मोठीचं काय चाललंय ते विचारलं. तब्येतीचं विचारलं, “बारीक झालास.” मी सांगत होतो आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, दुसरंच काही विचारायचं असल्यासारख्या. रिक्षावाला ओरडायला लागला तेव्हा घाईघाईनं म्हणाल्या,

“आणि अनिता? झाली ना?”

तेवढ्यात सांगून टाकता आलं असतं. एक वाक्य होतं.

“झाली ताई. फर्स्ट क्लास.”

त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरली. “पदवीदानाला आली होती? तू बघितलीस? मी तिला कधी बघितलंच नाही. कशी आहे दिसायला?”

“उंच आहे,” मी म्हणालो. काहीतरी आणखी सांगायला हवं होतं. “जरा लंगडत होती.”

त्यांचा चेहरा एकदम पडला. “लंगडते? म्हणजे हाड नीट बसलंच नाही. तरी मी तिला म्हणत होते, घाईनं प्लास्टर काढू नको.” रिक्षात तीन बायकांच्या कडेला त्या बसल्या, पुन्हा बाहेर वाकल्या. “फोन आला तर सांग तिला, कारखान्यात शिड्या चढू नको म्हणावं. दुसरं काम मागून घे म्हणावं. सांगशील ना?”

“सांगतो, ताई.”

रिक्षा टेम्पोंच्या मधून निघाली. त्या मागे वळून माझ्याकडे बघतच होत्या, भुवया जवळ आणून, मी लंगडा ठरवलेल्या त्या पायाची काळजी करत.